कॅलिफोर्नियात पार्लरचं काम करायचंय? परवाना कशाला लागतो आणि कसा काढायचा

सांगलीत किंवा ठाण्यात पार्लर काढायचं तर आपण गाळा बघतो, शॉप अ‍ॅक्टची नोंद करतो, मराठीत पाटी लावतो. फेशियल करणाऱ्या ताईंना "तुमचा स्वतःचा परवाना दाखवा" असं गिऱ्हाईक कधी विचारत नाही. अमेरिकेत दुकानाचा परवाना वेगळा आणि काम करणाऱ्या हातांचा वेगळा. त्यातही सगळ्या देशाला मिळून एक नियम नाही. परवाना देणारं मंडळ प्रत्येक राज्याचं निराळं, शिक्षणाच्या तासांचा हिशेब निराळा. इथे मी कॅलिफोर्नियाचं सांगते, कारण बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, आपली मराठी मंडळी भरपूर आहेत आणि "घरीच आयब्रो करून देते" असे मेसेज तिथल्या ग्रुपवर नवीन नाहीत.

आधी कागद घ्या आणि आपण नेमकं काय काय करणार ते लिहा. 'ब्युटीशियनचं काम' एवढं लिहून भागत नाही. आयब्रो, अप्पर लिप, वॅक्सिंग, फेशियल, केस कापणं, केसांना रंग, दाढी, नखं, पापण्यांचं एक्स्टेन्शन असं एकेक सुटं लिहा. परवान्याचं उत्तर या यादीतल्या प्रत्येक ओळीला वेगळं येतं.

पहिल्याच ओळीला आपल्यासाठी चांगली बातमी आहे. दोऱ्याने आयब्रो करणं, म्हणजे थ्रेडिंग, कॅलिफोर्नियाच्या कायद्याने परवान्यातून वगळलं आहे. दोऱ्याच्या पिळात केस धरून उपटणं आणि त्या ओघात भुवईचे वाढलेले केस कात्रीने छाटणं, एवढं त्यात बसतं. पण त्याच खुर्चीवर, त्याच बाईच्या ओठावर तुम्ही वॅक्स लावलंत की परवाना लागतो. चिमटा वापरलात तरी लागतो. अनेकजणी इथेच फसतात. सुरुवात दोऱ्याने होते, मग गिऱ्हाईक म्हणतं "जरा हातांचं वॅक्सही करून दे ना", आणि आपण संकोचाने हो म्हणतो.

टेक्सासात या दोऱ्यावरून खटला थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तिथे थ्रेडिंगसाठीही ७५० तासांचं एस्थेटिशियनचं, म्हणजे त्वचेचं काम करणाऱ्यांचं, शिक्षण मागत होते. २०१५ साली न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ही अट थ्रेडिंगपुरती घटनाबाह्य ठरवली. त्या ७५० पैकी ३२० तासांपर्यंतचं शिक्षण या कामाशी संबंधितच नाही, असं न्यायालयाला दिसलं. आपल्याकडे शाळकरी पोरी मावशीच्या पार्लरमध्ये सुट्टीत बसून जे शिकतात, त्याच्यासाठी वर्ष घालवायला लावणं मलाही कधी पटलं नव्हतं. फेशियलचं मात्र वेगळं. तिथे आम्लं येतात, वाफ येते, चेहरा भाजू शकतो.

पैसे भरण्याआधी व्हिसा बघा

परवाना मिळाला म्हणजे काम करायची मुभा मिळाली, असं नाही. सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी कॅलिफोर्नियाचं मंडळ आयटीआयएनवर, म्हणजे नुसत्या कर भरण्यासाठीच्या नंबरवर, अर्ज घेतं, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. हा परवाना राज्य देतं. काम करता येईल की नाही, हे केंद्राचा इमिग्रेशन कायदा ठरवतो.

एच-४ वर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असाल तर शिकता येतं, शाळेत नाव घालता येतं. कमावता मात्र येत नाही, जोपर्यंत हातात वर्क परमिट, म्हणजे ईएडी, नाही. हे परमिट २६ मे २०१५ पासून मिळू लागलं, पण सगळ्यांना नाही. नवऱ्याचा किंवा बायकोचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झालेला हवा, नाहीतर त्यांचं एच-१बी ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेपायी सहा वर्षांच्या पुढे वाढलेलं हवं. घरच्या घरी, रोखीने, ओळखीच्या चारचौघींचे आयब्रो करणं हेही कामच धरलं जातं. थ्रेडिंगला परवाना लागत नाही, या मुद्द्याचा इथे काही उपयोग नाही. सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंचा हात कितीही हलका असो, व्हिजिटर व्हिसावर त्यांनी पैसे घेऊन काम करायचं नाही.

कोणता परवाना?

आता पुन्हा ती यादी घ्या. वॅक्सिंग, फेशियल, पापण्या एवढंच करायचं असेल तर एस्थेटिशियन, ६०० तास. फक्त नखं असतील तर मॅनिक्युरिस्ट, ४०० तास. केस, रंग, त्वचा, नखं असं सगळंच करायचं तर कॉस्मेटॉलॉजिस्ट, १००० तास. वस्तऱ्याने दाढी करायची तर बार्बर, तेही १०००. केवळ केसांचं काम करणाऱ्यांसाठी हेअरस्टायलिस्ट हा ६०० तासांचा परवाना नंतर आला. यातले १००० तासांचे आकडे १ जानेवारी २०२२ पासूनचे आहेत. त्याआधी कॉस्मेटॉलॉजीला १६०० तास लागत, त्यामुळे जुन्या मैत्रिणीने सांगितलेला आकडा घेऊन बसू नका.

माझं मत विचाराल तर आयब्रो-वॅक्सिंग-फेशियल हीच तुमची रोजीरोटी असणार असेल, तर एस्थेटिशियनवर थांबा. "पुढेमागे केसही कापेन" म्हणून चारशे तास जास्तीचे घेणाऱ्या, आणि पुढे कात्री हातात न धरणाऱ्या, मी पाहिल्या आहेत.

शाळा, की भारतातला अनुभव?

वय किमान १७ आणि दहावीपर्यंतचं शिक्षण, एवढी मूळ पात्रता. पुढे मंडळाने मान्य केलेल्या शाळेत तास भरायचे. खासगी शाळांची फी ऐकून डोळे पांढरे होतात, म्हणून आधी कम्युनिटी कॉलेज बघा. सॅन ब्रुनोचं स्कायलाइन, दक्षिणेतलं फुलर्टन अशा कॉलेजांत हे अभ्यासक्रम चालतात, आणि राज्याच्या रहिवाशांना तिथे फी कमी पडते. एच-४ वरच्यांना रहिवासी धरतील का, ते कॉलेजच्या अ‍ॅडमिशन ऑफिसला लेखी विचारा. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

तुम्ही भारतात काम केलेलं असेल तर ते वाया जात नाही. राज्याबाहेर केलेल्या कामाचे दर तीन महिने म्हणजे १०० तास, असा कायद्यात हिशेब आहे. म्हणजे एस्थेटिशियनच्या ६०० तासांसाठी दीड वर्ष, कॉस्मेटॉलॉजीच्या १००० साठी अडीच वर्षं. प्रश्न पुराव्याचा येतो. पाच वर्षं पार्लर चालवलं पण कागद एकही नाही, ही आपली नेहमीची कथा. भारतात असतानाच जुन्या पार्लरकडून लेटरहेडवर, कामाच्या तारखा आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं पत्र घ्या. आयटीआयचं किंवा कोर्सचं प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका मूळ प्रतीत सोबत आणा. कागद मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागेल.

आणि नाव! प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, मधे वडिलांचं. पासपोर्टवर सासरचं आडनाव, मधे नवऱ्याचं. आपल्याला यात काहीच वावगं वाटत नाही, पण इथल्या कारकुनाला त्या दोन निराळ्या बायका दिसतात. विवाह प्रमाणपत्र अर्जासोबतच लावा. गॅझेटमध्ये नाव बदललं असेल तर तीही प्रत जोडा. परीक्षेच्या दिवशी दाखवायच्या ओळखपत्रावरचं नाव आणि अर्जावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे.

परीक्षा

पूर्वी लेखी आणि प्रात्यक्षिक अशा दोन परीक्षा असत. २०२२ पासून प्रात्यक्षिक बंद झालं. आता फक्त लेखी, संगणकावर. इंग्रजीखेरीज स्पॅनिश, व्हिएतनामी, कोरियन अशा भाषांत ती देता येते. मराठी-हिंदीत नाही.

वीस वर्षांचा हात असलेल्या बायकाही इथे नापास होतात. परीक्षेचा मोठा भर स्वच्छतेवर आणि संसर्ग कसा पसरतो यावर असतो. धुणं, निर्जंतुक करणं आणि स्टरलाइझ करणं यांतला फरक पाठ करा. जंतुनाशकात अवजार किती वेळ बुडालेलं हवं, ते बाटलीच्या लेबलवरून वाचायची सवय लावा. सराव परीक्षा इंग्रजीतच सोडवा. आपल्याला विषय येत असतो, अडतं ते शब्दांपाशी.

जागा

तुमचा परवाना आला तरी काम सहसा परवानाधारक जागेतच करायचं. दुसऱ्याच्या सलूनमध्ये नोकरी करणार असाल तर त्यांचा एस्टॅब्लिशमेंट, म्हणजे दुकानाचा, परवाना भिंतीवर लावलेला आहे ना, ते पहिल्याच दिवशी बघा. स्वतःचं काढायचं तर तो वेगळा परवाना तुम्हाला घ्यावा लागेल. तो दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. चालू सलून विकत घेतलंत तरी नवा अर्ज करावाच लागतो. शहराचं बिझनेस लायसन्स निराळं, आणि क्रीम-शाम्पू विकणार असाल तर विक्रीकराचं सेलर्स परमिटही.

घरी करायचं तर अपार्टमेंटची बेडरूम चालत नाही. ती खोली राहण्यासाठी वापरलेली नसावी आणि तिला घरापासून स्वतंत्र दार असावं, असं कायदा म्हणतो. दोन बेडरूमच्या भाड्याच्या घरात हे बहुतेक जमत नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं.

तपासणीस आला तर

तो काय बघतो? कात्री, चिमटा, कंगवा साबण-पाण्याने धुऊन मग मान्यताप्राप्त जंतुनाशकात पूर्ण बुडवलेला हवा. मुठीपर्यंत अर्धा बुडवलेला चालत नाही. स्वच्छ अवजारं झाकून, लेबल लावून ठेवलेली हवीत. टॉवेल एकदाच वापरायचा, मग बंद डब्यात टाकायचा. केस कापताना अंगावर टाकायचं कापड थेट मानेला लागता कामा नये. मधे कागदी पट्टी किंवा टॉवेल हवा. मान झटकायचा ब्रश, जो आपल्याकडच्या सलूनमध्ये दिवसभर सगळ्यांच्या मानेवरून फिरतो, तो इथे प्रत्येक गिऱ्हाइकाला साफ आणि निर्जंतुक केलेला लागतो. टाचेचे घट्टे ब्लेडने खरवडणं पूर्ण बंद. आणि लेझरने केस काढणं किंवा बोटॉक्स टोचणं यांतल्या कोणत्याच परवान्यात बसत नाही. ती वैद्यकीय कामं आहेत.

परवाना दर दोन वर्षांनी नूतनीकरण करायचा. त्यासाठी कॅलिफोर्निया पुन्हा शिक्षण मागत नाही, फी भरली की झालं. घर बदललं तर मंडळाला नवा पत्ता कळवा, नाहीतर नूतनीकरणाची सूचना जुन्याच घरी जाते. आणि नोकरीपायी दुसऱ्या राज्यात जायची वेळ आली तर सामान बांधण्याआधी तिथल्या मंडळाचे तास बघा. न्यू यॉर्कमध्ये एस्थेटिक्सला ६०० आणि नुसत्या वॅक्सिंगला ७५ तासांचा वेगळा परवाना आहे. टेक्सासात एस्थेटिशियनला ७५०. कॅलिफोर्नियाचा परवाना चालू असतानाच तिथला अर्ज करा.