ट्यूबलेस टायर घेण्याआधीची तयारी: मुंबईच्या रोड बाइकवाल्यांसाठी

ट्यूबलेस म्हणजे आत ट्यूब नसलेला टायर: हवा टायर आणि रिम मिळूनच धरतात, आणि भोक बुजवायला आत सीलंट नावाचं द्रव असतं. टायरचं नाव ठरवण्याआधी एक चाक काढा, टायर-ट्यूब उतरवा आणि रिम कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. बहुतेक जण आधी टायर मागवतात आणि तो घरी आल्यावर रिमकडे बघतात, मग अर्धा रविवार घाम गाळण्यात जातो. रिमवर छापलेला किंवा स्टिकरवर लिहिलेला आकडा शोधा. 622×19 टीसी असं काहीतरी असेल. 622 म्हणजे टायर जिथे बसतो त्या कडेचा मिलिमीटरमधला व्यास, म्हणजेच आपलं 700 सी. 19 ही रिमची आतली रुंदी. टीसी असेल तर रिम ट्यूबलेसची आहे आणि तिच्या काठाला आतल्या बाजूनं आकडा, म्हणजे हुक आहे. नुसता सी असेल तर हुक आहे, पण रिम ट्यूबलेससाठी बनवलेली नाही. टीएसएस असेल तर रिम हुकलेस आहे. तिचे काठ आतून सरळ असतात.

नुसता सी दिसला तर इथेच थांबा. स्पोकची भोकं झाकायला चार वेढे टेप मारून कुठलीही रिम ट्यूबलेस करता येते असं सांगणारे भेटतील, काहींचं महिनोन्महिने निभावतंही. पण ट्यूबलेसच्या रिममध्ये टायरची कडा, म्हणजे बीड, जागेवर धरून ठेवायला आत कट्टा आणि बारीक उंचवटा असतो. साध्या रिममध्ये तो नसतो. उतारावर अचानक हवा गेली की बीड मधल्या खाचेत घसरतं आणि टायर रिमवरून निघतो. कसारा घाट उतरताना हा प्रयोग नको. अशा चाकांवर चांगला क्लिंचर, म्हणजे ट्यूबवाला टायर, आणि टीपीयू, म्हणजे पातळ प्लॅस्टिकची हलकी ट्यूब बसवा.

रिम हुकलेस असेल तर आणखी दोन गोष्टी कागदावर लिहून ठेवा. तिच्यात हवेची कमाल मर्यादा 5 बार, म्हणजे 72.5 पीएसआय. टायरवर जास्त लिहिलेलं असलं तरी हीच मर्यादा. आणि टायर हुकलेसला चालतो असं त्या टायरच्या कंपनीनं स्पष्ट म्हटलेलं असायला हवं. उदाहरण द्यायचं तर काँटिनेंटलचा 2018 मध्ये आलेला ग्रां प्री 5000 टीएल ट्यूबलेस होता, पण हुकलेसला चालत नव्हता. 2021 मध्ये आलेला एस टीआर चालतो. नाव जवळजवळ तेच, त्यामुळे जुना साठा सवलतीत दिसला की शेवटची दोन-तीन अक्षरं नीट वाचा. फेब्रुवारी 2024 मध्ये यूएई टूर या शर्यतीत सायकलपटू थॉमस डी गेंट पडला आणि त्याचा टायर हुकलेस रिमवरून सुटला, तेव्हा आतून 25 मिमी रुंद रिमवर 28 चा टायर चालवावा का यावर मोठा वाद झाला. त्या वादात कोण बरोबर हे आपण ठरवायची गरज नाही. रिम आतून 25 असेल तर 30 किंवा 32 चा टायर घ्या. आपल्या रस्त्यांना तोच बरा.

आता फ्रेम. मुंबईत रोड बाइकला 28 मिमी ही मी किमान रुंदी धरतो, आणि जागा असेल तर 30 किंवा 32. कारण उघड आहे. शहरातले आणि शहराबाहेर नेणारे सगळ्यांत गुळगुळीत रस्ते आपल्याला बंद आहेत. सी लिंकवर सायकल नाही, कोस्टल रोडवर नाही, अटल सेतूवर नाही, पुण्याच्या एक्स्प्रेसवेवर नाही. उरतात माहीम-वरळीचे आतले रस्ते, उखडलेले पेव्हर ब्लॉक, काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधल्या फटी, मेट्रोच्या कामाशेजारच्या लोखंडी प्लेटा आणि घोडबंदर रोड. यावर 25 चा टायर 100 पीएसआयला फुगवून हाडं खिळखिळी करण्यात काय मजा आहे ते मला कळलेलं नाही. पण फ्रेमला विचारल्याशिवाय रुंदी वाढवू नका. सध्याच्या टायरच्या दोन्ही बाजूंना आणि वर फोर्कखाली किती जागा आहे ते मोजा. नवा टायर बसल्यावर सगळीकडे निदान 4 मिमी उरायला हवेत, पावसाळ्यात चिखल आणि खडी अडकते म्हणून थोडे जास्तच. टायरवर छापलेल्या रुंदीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. तोच टायर रुंद रिमवर आणखी फुगतो, रिमच्या दर मिलिमीटरमागे साधारण 0.4 मिमी. 19 च्या रिमवर 28 भरणारा टायर 23 च्या रिमवर 29 च्या पुढे जातो. रिम ब्रेक असेल तर ब्रेकच्या कमानीखालून टायर जातो का, आणि चाक काढताना ब्रेकच्या गुटक्यांमधून निघतो का, हेही बघा. जुन्या रिम ब्रेकच्या सायकलींची मजल बऱ्याचदा 25 लाच संपते.

एवढं झालं की टायरच्या जातीकडे या. मरीन ड्राइव्हला पहाटेचे फेरे मारून घरी परतणाऱ्याला आणि शनिवारी मुलुंडहून निघून कसाऱ्याला किंवा जुन्या हायवेनं खोपोली-लोणावळ्याला जाणाऱ्याला एकच टायर सुचवणं चुकीचं आहे. पहिल्याला शर्यतीचा हलका टायर चालेल: ग्रां प्री 5000 एस टीआर, श्वाल्बे प्रो वन टीएलई, पिरेली पी झिरो रेस टीएलआर, मिशलिन पॉवर कप, यांपैकी जो आपल्या मापात आणि खिशात बसेल तो. दुसऱ्यानं, आणि जून ते सप्टेंबर सायकल बंद न ठेवणाऱ्या प्रत्येकानं, जाड टायर बघावा. काँटिनेंटलचा ग्रां प्री 5000 एएस टीआर अशाच वापरासाठी आहे. वजन वाढतं, चाक थोडं जड फिरतं, पण जमिनीवर टेकणाऱ्या भागाखाली आणि साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, जास्त संरक्षण मिळतं. साइडवॉलवर माझा विशेष भर आहे, कारण सीलंट छोटं भोक बुजवतं, फाटलेली साइडवॉल बुजवत नाही. खड्ड्याची धार आणि सुटा पेव्हर ब्लॉक कडेलाच लागतो.

पावसात पंक्चर जास्त का होतात हे माहीत असलं की निवड सोपी होते. रस्त्यावरच्या काचा आणि ट्रकच्या फाटलेल्या टायरातून पडलेल्या बारीक तारा पाण्याबरोबर कडेला वाहत येतात, आणि आपण कडेनंच चालवतो. शिवाय ओलं रबर सहज कापलं जातं. पाणी वंगणाचं काम करतं, काच आत सरकते. ट्यूबलेसचा खरा फायदा इथे आहे: तारेचं बारीक भोक चालता चालता बुजतं, आणि पुष्कळदा घरी आल्यावर टायरवरचा पांढरा डाग बघूनच कळतं की काहीतरी घुसलं होतं. त्यामुळेच हवा कमी ठेवता येते. 70 किलोच्या माणसाला 28 च्या टायरवर पुढे 60 आणि मागे 65 पीएसआयपासून सुरुवात करता येईल. रस्ता ओला असेल तर 5 कमी करा. टायरवर लिहिलेला कमाल आकडा ही मर्यादा असते, तो गाठायचा नसतो.

ट्यूबलेस कुणी घेऊ नये तेही सांगून टाकतो. महिन्यातून एखाद्या रविवारी सायकल काढणाऱ्यानं घेऊ नये. उभ्या सायकलचं सीलंट खाली साचून वाळतं, मुंबईच्या उन्हाळ्यात तर लवकरच, आणि गरज पडेल तेव्हा आत रबराचा गोळा तेवढा सापडतो. ज्याला हात चिकट झालेले अजिबात चालत नाहीत त्यानंही घेऊ नये. आणि चाळीत किंवा वन-बीएचकेमध्ये बसवणार असाल तर बाथरूममध्ये बसवा. सीलंट भिंतीवर उडालं की घरच्यांशी पुढचं बोलणं अवघड जातं.

सामानाची जमवाजमव टायरबरोबरच करा, नाहीतर टायर आला आणि व्हॉल्व्ह नाही म्हणून आठवडा जातो. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा 2-3 मिमी जास्त रुंद हवा, म्हणजे 19 च्या रिमला 21 किंवा 22 चा. रोड बाइकची हवा जास्त असल्यानं दोन वेढे द्या. त्याआधी केमिस्टकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून रिम पुसा, जुन्या टेपचा चिकटपणा राहिला तर नवा टेप सुटतो. व्हॉल्व्हची लांबी रिमच्या खोलीपेक्षा निदान 15-20 मिमी जास्त असावी, आणि त्याचा आतला गाभा निघणारा असावा, कारण सीलंट तिथूनच आत जातं. 28 च्या टायरला 30 ते 45 मिली पुरेसं होतं, रुंद टायरला थोडं जास्त. सीलंट सायकलचंच घ्या. स्कूटर-मोटरसायकलच्या टायरचं सीलंट दाट असतं, ते आपल्या बारीक व्हॉल्व्हमधून नीट जात नाही आणि गेलं तर तो तुंबवतं.

एकदम भरपूर हवा सोडणारी सोय हवी. फ्लोअर पंपनं जमलं तर उत्तम. जमलं नाही तर व्हॉल्व्हचा गाभा काढून पुन्हा प्रयत्न करा, म्हणजे हवा मोकळी शिरते. बीडला साबणाचं पाणी लावलं की टायर काठावर चढताना टप्-टप् असा आवाज येतो, तो ऐकू येईपर्यंत थांबा, पण मर्यादेच्या वर जाऊ नका. त्यासाठी कुणी कॉम्प्रेसरवाल्याकडे जायचं ठरवलं तर पितळेचा छोटा अडॅप्टर बरोबर न्या. कॉम्प्रेसरचं तोंड मोटारीच्या व्हॉल्व्हचं असतं, आपला प्रेस्टा, म्हणजे रोड बाइकचा बारीक व्हॉल्व्ह, त्यात बसत नाही. हा अडॅप्टर कायम सॅडल बॅगमध्येच पडू द्या. आडवाटेवर पंप मोडला तर टपरीवाल्याची हवा त्याच्याशिवाय आपल्या काही कामाची नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची परीक्षा, आणि नेमकी हीच लोक टाळतात. टायर घरी बसला, रात्रभर हवा टिकली, की दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उतरवा. स्वतःच्या हातांनी, प्लॅस्टिकच्या दोन लिव्हरनी, घड्याळ लावून. मग ट्यूब घालून चढवा. काही टायर-रिमच्या जोड्या इतक्या घट्ट असतात की पंख्याखालीही अंगठे दुखतात. अशी जोडी इगतपुरीच्या अलीकडे, भर पावसात, थंड पडलेल्या बोटांनी उघडणार नाही. बीड दोन्ही बाजूंनी रिमच्या मधल्या खाचेत ढकलत आणायचं आणि शेवटचा भाग व्हॉल्व्हपाशी ठेवायचा, एवढं जमलं की बहुतेक टायर बसतात. तरीही बसत नसेल तर तो टायर कितीही वेगवान असो, परत करा किंवा विका. निवडीत मी याच गोष्टीला सगळ्यांत जास्त गुण देतो, कारण हायवेवरचा पंक्चरवाला इथे मदत करू शकत नाही. तो माणूस कुशल असतो, पण त्याच्याकडचा टोचा आणि चिकट पट्टी मोटरसायकलच्या जाड टायरसाठी असते. आपल्या टायरात तो टोचा घातला की 2 मिमीचं भोक दुप्पट होतं. लोखंडी पट्टीनं टायर काढू दिलात तर टेपही फाटतो.

म्हणून बरोबर काय न्यायचं ते: रोड टायरसाठीची बारीक, साधारण 1.5 मिमीची प्लगची पट्टी आणि तिची सुई. हातपंप. दोन टीपीयू ट्यूब, त्या मुठीत मावतात. प्लॅस्टिकचे लिव्हर, छोटा चिमटा, हातमोजे, आणि फाटलेल्या कडेखाली आतून लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा. हवा भरायला सीओटू काडतूस नेणार असाल तर आपल्या सीलंटला ते चालतं का हे बाटलीवर वाचा, काही सीलंट त्या थंड वायूनं गोठतात. व्हॉल्व्हची चकती नेहमी हातानंच आवळा. पान्यानं आवळली तर रस्त्यात सुटत नाही, आणि ती सुटल्याशिवाय व्हॉल्व्ह निघत नाही आणि ट्यूब आत जात नाही. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा, उघडं बोट नको. ट्यूबलेस टायर आठवड्यांमागचे काटे आणि तारा पोटात ठेवून चाललेला असतो, त्या चिमट्यानं काढल्या नाहीत तर नवी ट्यूब पहिल्याच किलोमीटरला जाते.

ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, करणार असाल तर हे सगळं पंधरा दिवस आधी उरकलेलं असावं. 200 किमीला साडेतेरा तास मिळतात, त्यातला तासभर टायरशी झुंजण्यात गेला तर पुढे जेवण सोडावं लागतं. नव्या टायरवर आधी घराजवळ, आरे किंवा पाम बीच रोडवर फेऱ्या मारा. पहिल्या काही दिवसांत हवा थोडी उतरणारच, रोज सकाळी गेज लावा. आठवड्यानंतरही रात्रीत 15-20 पीएसआय जात असतील तर व्हॉल्व्हच्या बुडाशी साबणाचं पाणी सोडून बुडबुडे बघा. चूक बहुधा टेपची निघते, टायरची नाही.

सीलंटसाठी मोबाइलवर आठवण लावण्यापेक्षा सण धरणं सोपं जातं. मेअखेरीस, पाऊस सुरू व्हायच्या आत, पूर्ण भरा. गणपतीत व्हॉल्व्हचा गाभा काढून बारीक काडी आत घाला. ती ओली आली तर ठीक, कोरडी आली तर 20-30 मिली टाका. दिवाळीत आणि संक्रांतीला पुन्हा तेच. गुढीपाडव्याला टायर उतरवून आतला वाळलेला थर ओढून काढा, तो आख्खा निघतो, आणि टेप स्पोकच्या भोकांवर कुठे खचलाय का ते पाहा. मधला भाग सपाट झाला असेल किंवा आतले धागे दिसत असतील तर नवा टायर तेव्हाच मागवा, म्हणजे मेमध्ये धावपळ होत नाही.