नवी सेवा जुन्या पर्यायापेक्षा आजही सरस आहे का, हे कसे तपासावे

एखादी ऑनलाइन सेवा घेतली तेव्हा ती जुन्या पर्यायापेक्षा स्वस्त आणि सोयीची होती, एवढ्याच आधारावर तिचे पैसे वर्षानुवर्षे भरत राहू नये. अशा अनेक कंपन्या सुरुवातीला गुंतवणूकदारांच्या पैशावर तोटा सोसून ग्राहक जोडतात आणि नफ्याची निकड निर्माण झाली की दर वाढवतात किंवा सवलती आखडत्या घेतात. गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत साठवण थांबवली. नेटफ्लिक्सने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहिरातींसह मिळणारी योजना आणली आणि २०२३ मध्ये एकच खाते अनेक घरांत वापरण्यावर निर्बंध घातले. म्हणून तुलना करताना सेवेचे आजचे रूप आणि जुन्या पर्यायाची आजची स्थिती एवढेच समोर ठेवावे.

प्रथम बँकेचे बारा महिन्यांचे विवरण काढून त्या सेवेवर झालेला सगळा खर्च एकत्र मांडावा. सॉफ्टवेअरसाठी एक वर्षही अपुरे आहे, पाच वर्षांचा हिशेब करावा. एकदा विकत घेतलेली आवृत्ती अनेक वर्षे चालते, तर वर्गणी थांबली की काम अडते. दोनच महिन्यांची गरज असणाऱ्याला मात्र वर्गणीच परवडते, हेही मान्य केले पाहिजे. टॅक्सीच्या ॲपची परीक्षा गर्दीच्या वेळी घ्यावी, कारण मागणी वाढली की त्याचे भाडेही वाढते. अंतिम भाडे आणि गाडीची वाट पाहण्यात गेलेला वेळ, दोन्ही लिहून ठेवावे.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती मालकीची तपासणी, आणि नेमकी तीच बहुतेक जण टाळतात. ‘विकत घ्या’ असे लिहिलेले बटण दाबल्यावर अनेकदा केवळ वापराचा परवाना मिळतो. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दालन बंद केले तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, परंतु घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली आणि त्यांत केलेल्या टिपणांनाही ग्राहक मुकले. छापील पुस्तकाचा विक्रेता दुकान बंद करतो तेव्हा असे घडत नाही. यासाठी इंटरनेट बंद करून आपली पुस्तके, गाणी, कागदपत्रे उघडतात का ते पाहावे. नंतर सेवेतून आपली माहिती उतरवून घ्यावी आणि ती दुसऱ्या एखाद्या प्रोग्राममध्ये उघडून पाहावी. ती तिथे उघडली नाही, तर ही सेवा सोडणे दरवर्षी अधिक कठीण होत जाईल.

सेवा बंद पडल्यावर काय होते, हाही प्रश्न विचारावा. तांब्याच्या तारेवरील साध्या दूरध्वनीला एक्स्चेंजमधून वीज मिळते, त्यामुळे घरातील वीज गेली तरी तो चालू शकतो. फायबरवरील फोनसाठी घरात बॅटरीची सोय करावी लागते. नकाशांबाबत मात्र फार विचार करण्याची गरज नाही, कारण रस्त्यावरची आत्ताची कोंडी कागदी नकाशा दाखवू शकत नाही.

निर्णय घेण्यापूर्वी जुना पर्याय अजून उपलब्ध आहे याची खात्री करून घ्यावी, कारण तोही नाहीसा होतो; नेटफ्लिक्सची टपालाने डीव्हीडी पाठवण्याची सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये संपली. पर्याय हाताशी असेल, तर वर्गणीच्या नूतनीकरणाच्या महिनाभर आधी नवी सेवा वापरणे थांबवावे आणि त्या काळात कोणते काम खरोखर अडले याची नोंद ठेवून मगच पुढील वर्षाचे पैसे भरावेत.