एजंटला एक पान म्हणजे पूर्ण यादी वाटू देऊ नका

एआय एजंटसाठी (स्वतः टूल वापरून कामं करणाऱ्या एआयसाठी) फॉलोअर शोधणाऱ्या टूलची माहिती लिहिताना सगळ्यात आधी एका कॉलमध्ये, म्हणजे एका विनंतीत, किती नावं येतात ते सांगा. ब्लूस्काय या सोशल नेटवर्कच्या एपीआयमध्ये (प्रोग्रामने माहिती मागायच्या सोयीत) आकडा न दिल्यास 50 आणि मागितली तर जास्तीत जास्त 100 नावं मिळतात. पुढच्या पानासाठी उत्तरात आलेला कर्सर (यादी कुठपर्यंत आली ते सांगणारी खूण) परत पाठवावा लागतो. हे लिहिलं नाही, तर एजंट पहिलंच पान मोजून ‘या खात्याला 50 फॉलोअर आहेत’ असं छातीठोकपणे सांगू शकतो. म्हणून स्पष्ट लिहा: ‘फक्त आकडा हवा असेल तर हे टूल वापरू नका, प्रोफाइलमधली फॉलोअर-संख्या वाचा. पूर्ण यादी हवी असेल तर कर्सर येणं थांबेपर्यंत मागत राहा.’ टूल कधी वापरू नये हे सांगणारं वाक्य मला तरी सगळ्यात मोलाचं वाटतं.

हँडल (खात्याचं @ नाव) बदलू शकतं, डीआयडी (खात्याचा कायमचा ओळख-क्रमांक) तोच राहतो. नोंद डीआयडीचीच ठेवायला सांगा.

आणि चुकांना शब्द द्या: ‘खातं सापडलं नाही’, ‘मर्यादा संपली, थोड्या वेळाने विचारा’. नुसती रिकामी यादी परत गेली, की एजंट ‘फॉलोअरच नाहीत’ असं समजून पुढे जातो.