आठ फुटांचा सरळ काप

आईच्या कपाटासाठी 18 मिमी प्लायची आठ बाय चार फुटांची शीट ऐरोलीच्या घरी आणली. लिफ्टमध्ये मावेना, म्हणून दोघांनी जिन्याने गच्चीवर चढवली. सूत मारून रेघ पाडली आणि सर्क्युलर सॉ (गोल पात्याचं हातात धरायचं कापायचं मशिन) नुसत्या हाताने रेघेवरून चालवला. काप संपला तेव्हा मध्यावर 4 मिमीचं पोट आलेलं. फार जिवाला लागलं.

दुसऱ्या कापाला मशिन टेकवून चालवायला 6 मिमी प्लायची सहा इंच रुंद, लांब पट्टी घेतली. तिची एक कड कारखान्यातून आलेली, म्हणून सरळ. आधी टाकाऊ तुकड्यावर काप घेऊन मशिनच्या पायाच्या कडेपासून कापापर्यंतचं अंतर मोजलं. माझ्या मशिनचं 127 मिमी भरलं. तुमचं वेगळं असेल, मोजूनच घ्या. रेघेपासून तेवढ्या अंतरावर पट्टी ठेवली, दोन्ही टोकांना मोजून मगच क्लॅम्प आवळले. हे दोनदा मोजणं अजिबात टाळू नका.

खाली दोन इंची थर्माकोल अंथरला आणि ब्लेड प्लायच्या खाली जेमतेम 5 मिमी उतरेल असं ठेवलं. दोन्ही तुकडे आधारावर राहतात, त्यामुळे ब्लेड चिमटत नाही आणि मशिन मागे उसळत नाही. पूर्वी स्टुलांवर कापताना शेवटचा तुकडा लोंबकळून कड फाटायची.

चांगली बाजू खाली ठेवा. या मशिनचे दात खालून वर कापतात, कपच्या वरच्या बाजूला उडतात.

गॉगल लावून, घाई न करता मशिन पट्टीला टेकवून ढकललं. कड गुण्याला (काटकोन तपासायच्या अवजाराला) धरून पाहिली, उजेडाची फटही दिसली नाही. पोट आलेल्या तुकड्यातून आईची फळी निघाली.