लेवीय 19 घरात कसा उतरवायचा

रविवारी उपदेश ऐकला, मुद्दे वहीत लिहून घेतले, आणि सोमवारी सकाळी धुणंभांडी करणाऱ्या मावशींना सांगितलं, "सुट्टे नाहीत हो, उद्या देते." बायबलचं वचन पाळायचं राहून जातं ते असं. ते पाठ नसतं असं नाही. ते कोणासाठी, कधी आणि किती, हे ठरवलेलं नसतं.

हे ठरवायची सवय लावायला बायबलातल्या लेवीय या पुस्तकाचा 19वा अध्याय फार चांगला. पुष्कळ घरांत बायबल वाचन लेवीयापाशी अडतं. अर्पणांचे नियम आले की पानं भराभर उलटली जातात. पण येशूने दुसरी मोठी आज्ञा म्हणून जी सांगितली (मत्तय 22:39), शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायची, ती याच अध्यायातल्या 18व्या वचनातली आहे. तिच्या मागेपुढे मजुरी आहे, शेताचा कोपरा आहे, चहाडी, म्हातारी माणसं, परका माणूस आणि वजनकाटा आहे. प्रीती म्हणजे नक्की करायचं काय, ते तिथंच लिहून ठेवलंय. "मी परमेश्वर आहे" हे शब्द 37 वचनांत 15 वेळा येतात, अगदी काट्याच्या आज्ञेपाशीसुद्धा.

लागतं ते एवढंच : मराठी बायबल, 40 पानी वही आणि शनिवारी रात्री जेवणं आवरल्यावरचा अर्धा तास. आधी पूर्ण अध्याय मोठ्याने वाचायचा. सहाएक मिनिटं लागतात. वाचता येणारं लहान मूल असेल तर निम्मा त्याच्याकडे द्यावा. मग एकच वचन निवडून त्याखाली तीन शब्द लिहायचे : कोण, कधी, किती. "या आठवड्यात दयेने वागेन" असं लिहिलं तर ते पान वाया गेलं म्हणून समजा, कारण पुढच्या शनिवारी ते झालं की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही. नोंद अशी हवी : "वचन 13. मावशी. 1 तारखेला संध्याकाळी 6 च्या आत. 1,800 रुपये, सुट्टे आदल्या दिवशी आणून ठेवणे." पुढच्या शनिवारी त्याच्यापुढे झालं किंवा नाही झालं, आणि नाही झालं तर का, हे लिहायचं. त्या "का"वरच त्या रात्रीची कुटुंबप्रार्थना करावी. वहीतली सर्वांत मोलाची ओळ तीच.

आठवड्याला एकच वचन. उत्साहात तीन घेतली की तिन्ही अर्धवट राहतात. बारा आठवड्यांत अध्यायाचा मुख्य भाग होतो.

कोणती वचनं घ्यायची

सोलापूरसारख्या कापडाच्या गावात 19व्या वचनावर शंका येणारच. तिथं दोन जातींच्या धाग्यांचं वस्त्र अंगावर घालू नये असं आहे. मग सुती-पॉलिएस्टरचा शर्ट घालायचा नाही का? खुशाल घालावा. प्रेषितांच्या कृत्यांच्या 15व्या अध्यायात यरुशलेमातल्या सभेने ठरवलं की विदेश्यांमधून आलेल्या विश्वासणाऱ्यांवर मोशेच्या नियमशास्त्राचं ओझं लादायचं नाही. शिवाय ज्या आज्ञा येशूने आणि प्रेषितांनी पुन्हा उचलून धरल्या, त्या सरळ दिसतात. शेजाऱ्यावरची प्रीती मत्तयात, रोमकरांस 13:9 मध्ये आणि याकोबाच्या पत्रात आहे. अडवून ठेवलेली मजुरी याकोब 5:4 मध्ये ओरडते. तोंड बघून न्याय करू नये हे याकोबाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. सुरुवात इथूनच करावी.

आणि एक गोष्ट पहिल्याच शनिवारी घरात बोलून घ्यावी. अध्यायाच्या शेवटी परमेश्वर म्हणतो की मी तुम्हांला मिसरातून बाहेर आणलं. सुटका आधी झाली, आज्ञा नंतर आल्या. इफिसकरांस 2:8-10 मध्ये क्रम हाच आहे : कृपेने तारण, मग सत्कर्मं. वहीतल्या "झालं"च्या खुणा देवाकडे जमा होणारी शिल्लक नव्हे.

पहिला आठवडा मजुरीचा

मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नये, असं 13वं वचन सांगतं. बायबलातल्याच अनुवाद नावाच्या पुस्तकातलं 24:15 कारणही देतं : तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशांवर लागलेला असतो. आपल्याकडे हे वचन मोडतं ते बहुधा कंजूषपणाने नाही, तर तीन साध्या कारणांनी. सुट्टे नसतात, दर आधी ठरलेला नसतो, किंवा मालक घरी नसतो आणि पैसे त्याच्याच खिशात असतात.

उपायही तितकेच साधे. काम सुरू होण्याआधी दर तोंडाने बोलून घ्यायचा, "बघू नंतर" म्हणायचं नाही. स्वयंपाकघरात एका डब्यात 10, 20, 50 आणि 100 च्या नोटा मिळून 500 रुपये ठेवायचे आणि डबा घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असावा. फोनवरून पैसे पाठवायचे तर समोरच्याचा फोन खरंच त्याच्याच हातात असतो का, हे विचारावं. पुष्कळ बायकांचं खातं नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर असतं आणि मजुरी तिच्यापर्यंत पोचतच नाही. आठवड्यावर हिशोब असेल तर तो आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी चुकता करावा. बाजार उलटल्यावर मिळालेल्या पैशांत उधारी फिटते, भाजी येत नाही.

ज्यांचे चार माग आहेत किंवा घरी शिलाईला माणसं येतात, त्यांनी उचलीचा हिशोब दोन वह्यांत लिहावा. एक आपली, एक कामगाराची. दोन्हींत एकाच वेळी, एकाच पेनाने. उचलीचा आकडा फक्त मालकाच्या वहीत राहिला की वर्षाच्या शेवटी खरं काय ते कोणालाच सिद्ध करता येत नाही, आणि नुकसान नेहमी वही नसणाऱ्याचं होतं.

जुनी बाकी आठवली तर? लेवीयाच्या 6व्या अध्यायात परतफेडीचं माप दिलंय : मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा. 500 राहिले असतील तर 600 घेऊन जायचं. "चुकून राहिले होते, हे घ्या" एवढंच म्हणायचं. चहा पाजून, गोड बोलून 500 वर भागवायचं नाही.

नळाचं पाणी

चोरी करू नका, शेजाऱ्याला लुबाडू नका (वचनं 11 आणि 13). सोलापुरात हे वचन नळापाशी येऊन उभं राहतं. उजनीचं पाणी बऱ्याच भागांत रोज येत नाही. आलं की गल्लीभर धावपळ. अशा वेळी नळाला थेट मोटार लावली की पाइपातलं पाणी आपल्याकडे ओढलं जातं आणि टोकाच्या घरातल्या तोटीतून नुसती हवा फसफसते. ज्याच्या घरी ही मोटार आहे, त्याने बाकी अकरा आठवडे थोडे पुढे ढकलावेत आणि हे आधी करावं. नळाचं पाणी आपल्या दाबाने जमिनीतल्या हौदात पडू द्यायचं आणि हौदातून वरच्या टाकीत मोटारीने चढवायचं. हौद नसेल तर 200 लिटरचा पिंप नळाच्या पातळीखाली ठेवावा. भरायला वेळ जास्त लागेल. तो वेळ शेजाऱ्याचा आहे.

याच दिवशी 32वं वचन, पिकल्या केसांपुढे उठून उभं राहायचं, तेही करता येतं. गल्लीतल्या एकट्या आजींचे 20 लिटरचे दोन कॅन आपल्या भांड्यांआधी भरून ठेवावेत. पिण्याला आणि स्वयंपाकाला एका माणसाचे चार दिवस निघतात.

काटा

35 आणि 36वं वचन खऱ्या मापांचं आहे. शेंगाचटणी, कडक भाकरी, मसाले घरून विकणाऱ्या बहिणींसाठी हा आठवडा महत्त्वाचा. रिकामी पिशवी लेबलसकट काट्यावर ठेवून शून्य करायचं, मगच चटणी भरायची. पिशवी 250 ग्रॅममध्ये धरली तर प्रत्येक गिऱ्हाइकाला काही ग्रॅम कमी जातात. एकाला ते कळत नाही, शंभर पिशव्यांचं मोजलं तर आपल्यालाच कळतं. काटा सपाट फरशीवर, पंख्याच्या वाऱ्याबाहेर असावा. वजनमापे कार्यालयाचा शिक्का असलेलं 200 ग्रॅमचं वजन विकत घ्यावं आणि दर सोमवारी काट्यावर ठेवून बघावं. आकडा हलला असेल तर आधी दुरुस्ती, मग विक्री. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी करून घ्यावी लागते, ती तारीख याच वहीत लिहावी. भाकरी नगावर विकत असाल तर थर मोजताना मधली तुटकी भाकरी बाजूला काढावी. वर अख्ख्या आणि मध्ये तुकडे, हेही खोटं मापच.

शेताचा कोपरा

9 आणि 10व्या वचनांत पीक कापताना कड सोडायची आणि पडलेली कणसं वेचायला परत जायचं नाही, असं आहे. इथं लक्ष द्यावं ते क्रमाकडे. कोपरा कापणीच्या आधी सोडायचा असतो. पोट भरल्यावर उरलेली शिळी भाकरी म्हणजे कोपरा नव्हे.

शहरात शेत नसतं, पण पिठाचा डबा असतो. दळणाला ज्वारी काढताना रोजच्या हिशोबाने एक मूठ दुसऱ्या डब्यात टाकावी. मुठीत साधारण 40 ग्रॅम मावते, महिन्याला सव्वा किलोच्या आसपास होते, म्हणजे बाराएक भाकरी. एका घराला थोडंच. मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चमधल्या, तीस घरांनी केलं तर महिन्याला 36 किलो. ज्वारी चाळून, निवडून, आपण खातो तीच द्यावी. रेशनची त्यांना आणि चांगली मालदांडी ज्वारी आपल्याला, असं नको. लेवीयातला गरीब स्वतः शेतात येऊन वेचतो, त्याला कोणी रांगेत उभं करत नाही. म्हणून धान्य देताना फोटो काढायचा नाही, ग्रुपवर टाकायचा नाही, उपासनेत नाव पुकारायचं नाही. मत्तय 6:1-4 इथं तंतोतंत लागू पडतं.

जीभ

16वं वचन चहाडीचं, 17वं मनात द्वेष न धरता तोंडावर सांगण्याचं. ही दोन्ही लागोपाठच्या आठवड्यांत घ्यावीत, कारण तोंडावर सांगत नाही म्हणूनच माणूस पाठीमागे सांगतो.

मंडळीतली चहाडी बहुतेक वेळा प्रार्थनेची विनंती बनून येते. "अमक्याच्या घरासाठी प्रार्थना करा, मुलगी ऐकत नाही म्हणे." ग्रुपवर विनंती टाकण्याआधी त्या माणसाला फोन करून विचारायचं, "टाकू का, आणि किती टाकू?" विचारता येत नसेल तर नाव, आजार आणि रक्कम काढून लिहायचं : "एका कुटुंबासाठी प्रार्थना करा." देवाला पत्ता ठाऊक आहे.

तोंडावर सांगायचं तर मत्तय 18:15 प्रमाणे एकट्याने जायचं. जेवणाची वेळ टाळावी, त्यांच्या मुलासुनांसमोर बोलू नये. आपल्या चुकीपासून सुरुवात करावी आणि त्या वाक्यात "पण" येऊ देऊ नये. "काका, त्या दिवशी मीटिंगमध्ये मी तुमच्यावर आवाज चढवला, माझं चुकलं." इथं थांबायचं. "चुकलं, पण तुम्हीही..." म्हटलं की माफी संपते आणि भांडण नव्याने सुरू होतं. ते काहीच बोलले नाहीत तर पाणी पिऊन उठावं. आठवडाभराने पुन्हा जावं.

मारहाण करणाऱ्यापुढे मात्र एकट्याने जायचं हे वचन लावू नये. कोणत्याही बहिणीला "क्षमा कर आणि परत जा" असं सांगून धोक्याच्या घरी पाठवणं म्हणजे रक्ताच्या धोक्यापाशी नुसतं बघत उभं राहणं, आणि 16व्या वचनाचा दुसरा अर्धा भाग नेमका तेच मना करतो. अशा वेळी 112 किंवा महिलांसाठीचा 181 लावावा आणि तिला आधी सुरक्षित जागी न्यावं.

14वं वचन, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये, हे वाचता न येणाऱ्यांनाही लागू करावं. बचत गटाच्या किंवा फायनान्सच्या कागदावर शेजारीण अंगठा देणार असेल तर हप्ता किती, किती महिने, उशीर झाला तर दंड किती, हे तीन आकडे तिला वाचून दाखवावेत. दहा मिनिटांचं काम आहे.

हमखास काय बिघडतं

वही दुसऱ्याच्या चुका मोजायला लागते. सासू सुनेचं वचन निवडते, नवरा बायकोचं. नियम करावा की प्रत्येकाने फक्त स्वतःची ओळ लिहायची. चौथ्या-पाचव्या आठवड्यात कंटाळा येतो. तेव्हा नवीन वचन न घेता राहून गेलेलंच पुन्हा घ्यावं. मोहरमाची, गड्डा यात्रेची किंवा लग्नाची गर्दी आली आणि शनिवार चुकला तर सोमवारी दहा मिनिटं बसावं, दोन आठवड्यांचं एकदम भरून काढू नये.

33 आणि 34वं वचन, परक्याला आपल्यातलाच समजायचं, हे डिसेंबरसाठी राखून ठेवावं. जिल्ह्यात तेव्हा उसाचं गाळप चालू असतं आणि बीडकडच्या उसतोड टोळ्या उसाच्या फडाजवळ कोपी, म्हणजे झोपड्या, घालून उतरलेल्या असतात. नाताळचा फराळ घेऊन जायचं तर आधी मुकादमाला आणि टोळीतल्या बायकांना विचारून यावं. पहाटे अंधारात त्यांची तोड सुरू होते, त्यामुळे दुपारी गेलं तर कोपीवर फक्त लहान मुलं भेटतात. संध्याकाळी जावं. करंज्यांबरोबर मुलांना अंगावर घ्यायला सोलापुरी चादर न्यावी, तीही नवी, कारण डिसेंबरात फडावर रात्री थंडी असते. आणि तिथं बसून, त्यांनी दिलेला चहा प्यावा.