बेडरूममध्ये वायफाय अडकायचं, ते असं सुटलं

आमचा राऊटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे बसवून दिलेला, आणि रात्री बेडरूममधून व्हिडिओ कॉल लावला की आईचा चेहरा स्क्रीनवर गोठलेला, आवाज मागून. कंपनीवाले म्हणाले मोठा प्लॅन घ्या. लगेच नका घेऊ! आधी लॅपटॉपला राऊटरची लॅन वायर लावून स्पीड बघा, तिथे पूर्ण येत असेल तर लाईन ठीक आहे, घोळ वायफायचा आहे. मी अँड्रॉइड फोनमध्ये वायफाय अ‍ॅनालायझर हे अ‍ॅप टाकून बघितलं तर शेजारचे बरेच राऊटर आमच्याच चॅनेलवर, म्हणजे वायफाय लहरींच्या त्याच पट्टीवर. २.४ गिगाहर्ट्झ या वायफायच्या बँडमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, म्हणून राऊटरच्या सेटिंगमध्ये ऑटो (राऊटर स्वतःच चॅनेल निवडतो ते) काढून ११ ठेवलं, आमच्याकडे तेच मोकळं होतं, तुमच्याकडे वेगळं असेल. चॅनेल विड्थ, म्हणजे चॅनेलची रुंदी, पण ४० मेगाहर्ट्झची २० केली, म्हणजे शेजाऱ्यांशी टक्कर कमी. आणि राऊटर टीव्हीमागून काढून कपाटावर उघड्यावर ठेवला, खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त फरक यानेच पडला. हॉलमधला लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झ या दुसऱ्या बँडवर टाकला, त्याला स्पीड जास्त पण भिंतीपलीकडे लवकर दमतं.

सेटिंगच्या पानाचा पत्ता राऊटरखालच्या स्टिकरवर असतो. आत गेलातच तर अ‍ॅडमिनचा पासवर्डही बदलून टाका.