नव्या कामगाराला शिकवताना या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छे औद्योगिक वसाहतीत नवा मुलगा कामावर रुजू झाला की त्याला एखाद्या जुन्या ऑपरेटरच्या शेजारी उभे केले जाते आणि ‘याचे बघून शीक’ एवढे सांगून सुपरवायझर आपल्या कामाला निघून जातो. सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. जुन्या माणसाच्या डोक्यावर दिवसाच्या नगांचा आकडा असतो, त्यामुळे तो शिकवायला थांबला तर त्याचे काम मागे पडते. शिवाय त्याचा हात इतका बसलेला असतो की आपण नेमके काय करतो हे त्याला स्वतःलाही शब्दांत सांगता येत नाही.

ही चूक मी स्वतः केली आहे. आमच्या शॉपमध्ये गोकाककडचा एक मुलगा शाफ्टची (यंत्रातल्या गोल दांड्यांची) मापे तपासण्यासाठी नेमला होता. जाडी अचूक मोजणारा मायक्रोमीटर कसा धरायचा हे मी त्याला मराठीतून भरभर सांगितले आणि ‘समजले का?’ असे विचारले, त्यावर तो कन्नडमध्ये ‘तिळीतु री’ (समजले हो) म्हणाला. प्रत्यक्षात तो मागच्या टोकाचा रॅचेट (छोटी फिरकी) न फिरवता थिंबलच (माप दाखवणारी फिरती नळी) जोर लावून आवळत होता, त्यामुळे शाफ्ट मुळात होता त्यापेक्षा बारीक दिसत होता आणि मोठ्या मापाचे नगही पास होत होते. ते शाफ्ट बेअरिंगमध्ये बसेनात, तेव्हा ग्राहकाने माल परत पाठवला. दोष त्या मुलाचा नव्हता. नवखा माणूस साहेबासमोर ‘नाही समजले’ असे म्हणत नसतो, त्यामुळे ‘समजले का?’ हा प्रश्नच निरुपयोगी आहे. त्याऐवजी ‘करून दाखव, आणि असे का करतोस तेही सांग’ असे म्हणावे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील कारखान्यांना नवख्या माणसांना थोड्या दिवसांत तयार करायचे होते. त्यासाठी १९४० ते १९४५ या काळात जी शिकवण्याची पद्धत रूढ झाली, तिच्या चार पायऱ्या आजही लागू पडतात. आधी कामगाराच्या मनातली भीती घालवून त्याला किती येते ते जाणून घ्यावे, मग काम टप्प्याटप्प्याने कारणांसह करून दाखवावे, नंतर ते त्याच्याकडून करून घ्यावे, आणि शेवटी त्याला एकट्याला सोडून अधूनमधून तपासत राहावे. आपल्याकडे दुसरी पायरी अर्धवट होते, तिसरी आणि चौथी तर होतच नाहीत. रॅचेट ‘टिक टिक’ वाजेपर्यंतच फिरवायचा आणि त्यामुळे प्रत्येक वेळी दाब सारखाच पडतो, हे कारण मी त्या मुलाला सांगितले असते तर तो विसरला नसता. पुढे आमच्याच एका कन्नड बोलणाऱ्या टर्नरने अर्ध्या तासात त्याला ते शिकवले.

म्हणून सीमाभागात भाषेचा विचार प्रशिक्षणाच्या आराखड्यातच करावा लागतो. मराठी, कन्नड आणि हिंदी बोलणारी माणसे एकाच पाळीत असतात. यंत्राजवळची सूचना इंग्रजीत छापून चिकटवली की कर्तव्य संपले असे मानू नये. ती मराठीत आणि कन्नडमध्ये लिहावी आणि शक्य तिथे सोबत चित्र द्यावे. शिकवणाऱ्या ऑपरेटरच्या नगांचा आकडा तेवढे दिवस कमी धरणेही तितकेच आवश्यक आहे. तसे न केल्यास शिकवणे हे त्याला शिक्षाच वाटेल.

प्रत्येक दोषावर प्रशिक्षण हाच उपाय आहे असे समजणे, हीदेखील चूकच आहे. फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे वायूच्या पोकळ्या, येऊ लागले की वाळूचा साचा करणाऱ्या मोल्डरला पुन्हा शिकायला बसवले जाते, पण वाळूतला ओलावाच जास्त असेल आणि तो कोणी मोजत नसेल तर बिचारा मोल्डर काय करणार? तुमच्यासमोर, सावकाश आणि चांगले साहित्य देऊन त्याच्याकडून तेच काम करून घ्या. ते बरोबर झाले तर अडचण ज्ञानाची नसून साहित्याची, वेळेची किंवा घाईची आहे.

शिकाऊ उमेदवारांच्या बाबतीत तर मला मनापासून वाईट वाटते. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ सालचा आहे, तरी अनेक ठिकाणी आयटीआय झालेला मुलगा वर्षभर बर (कापलेल्या धातूच्या कडेची खरखरीत धार) काढणे आणि माल उचलणे यापलीकडे जात नाही. दर दोन-तीन महिन्यांनी त्याला वेगळ्या यंत्रावर आणि वेगळ्या माणसाच्या हाताखाली द्यावे.

बाहेरच्या एक दिवसाच्या शिबिराला माणूस पाठवणार असाल, तर परतल्यावर त्याच आठवड्यात ते काम त्याच्या हाती द्या. शिबिर आवडले का, एवढेच विचारून थांबू नका. डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाचा उपयोग जोखण्यासाठी मांडलेल्या चार पातळ्यांमध्ये ‘आवडले’ ही केवळ पहिली पातळी आहे. त्यानंतर शिकणे, वागण्यातला बदल आणि कामाचा परिणाम या पातळ्या येतात. आमच्या शॉपच्या भिंतीवर आता कोणत्या कामगाराला कोणते काम येते याचा तक्ता आहे. त्यातला चौकोन भरण्याआधी सुपरवायझर त्या कामगाराकडून दहा नग एकट्याने करून घेतो, ते स्वतः मोजतो आणि महिन्यानंतर पुन्हा मोजतो.